फी माफ होते, उशीर माफ होत नाही

(महासंघाच्या वार्षिक सभेत शहापूर तालुक्यातील एका ग्रामसंघाच्या सचिव ताईंनी केलेले भाषण. अनेक गटांनी मागणी केल्यामुळे येथे छापत आहोत.)



मला बचतीवर बोलायला सांगितलं होतं. बचतीवर मी दर महिन्याला बोलते आणि तुम्हीही दर महिन्याला ऐकता. म्हणून आज मी माझ्या लेकीच्या शिक्षणाबद्दल बोलणार आहे. कौतुक सांगायला उभी नाही. आमच्या घरात एक चूक झाली आणि त्यात पोरीचं एक वर्ष गेलं. तुमच्या पोरीचं जाऊ नये, एवढ्यासाठी सांगते.

माझी लेक २०२३ साली बी.एस्सी. आयटी झाली. तिला एमसीए करायचं होतं. एमसीए म्हणजे कॉम्प्युटरची पूर्णवेळ मास्टर डिग्री. आधी ती तीन वर्षांची होती, २०२० पासून दोन वर्षांची झाली. मार्चमध्ये तिने सीईटी दिली, मार्क बरे पडले. आम्ही पेढे वाटले. मग प्रवेशाचा फॉर्म आला आणि त्यात एक रकाना होता: जात वैधता प्रमाणपत्र.

आमच्याकडे कुणबी म्हणून जातीचा दाखला होता. तो लॅमिनेशन करून कपाटात ठेवलेला. मला वाटलं, हाच तो. मी गटाची वही लिहिते, ग्रामसंघाचा हिशेब ठेवते, पण दाखला वेगळा आणि वैधता वेगळी, हे मला माहीत नव्हतं. दाखला तहसीलमधून मिळतो. वैधता जात पडताळणी समिती देते, आणि त्यासाठी पिढ्यांचे पुरावे लागतात. ओबीसीला १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. माझे सासरे शाळेत गेलेच नाहीत. शेवटी त्यांच्या थोरल्या भावाचं नाव जुन्या शाळेच्या रजिस्टरात सापडलं. वंशावळ झाली, प्रतिज्ञापत्र झालं. हे सगळं होईस्तोवर प्रवेश संपले होते. पोरीचा अर्ज खुल्या प्रवर्गात गेला, नंबर लांबच्या कॉलेजात लागला, तिथं राहण्या-खाण्याचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. सोडून दिलं.

त्याच आठवड्यात दोन माणसं घरी आली. एक म्हणाला, मॅनेजमेंट कोट्यातून सीट देतो, आज लाख रुपये भरा, बाकीचं नंतर बघू. दुसरे पाहुणे, चांगलं स्थळ घेऊन आलेले. घरातल्यांचं मत दोन्हीकडे झुकायला लागलं. कुणी म्हणालं दागिने मोडू, कुणी म्हणालं बार उडवून टाकू. पोर मला मोरीपाशी गाठून एवढंच म्हणाली, "आई, मला एक वर्ष दे."

मी दिलं. तिने ते वर्ष भिवंडीच्या एका गोदामाच्या ऑफिसात डेटा एंट्रीचं काम करून काढलं. महिना अकरा हजार. तेवढ्यात वैधता हातात आली. २०२४ च्या मार्चमध्ये तिने पुन्हा सीईटी दिली, कारण आदल्या वर्षीचे मार्क चालत नाहीत. आणि ८ जुलै २०२४ ला शासनाचा निर्णय आला. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या, आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ते पन्नास टक्के होतं. आज पोर एमसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आता तुम्ही म्हणाल, नशीब. नशिबाचा भाग आहे, नाही म्हणत नाही. पण मैत्रिणींनो, जो माणूस लाख रुपये मागत होता, त्याच्याकडून सीट घेतली असती तर ही माफी आम्हाला मिळाली नसती. कारण ती माफी कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलीलाच आहे. म्हणून पहिली गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा: कॉलेज कुठलं, याच्या आधी दार कुठलं ते बघा.

एमसीएचं दार असं आहे. राज्याचा सीईटी कक्ष परीक्षा घेतो. पदवीला किमान ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. बीसीए, बी.एस्सी. आयटी, कॉम्प्युटर सायन्स झालेल्या मुली सरळ बसतात. बी.कॉम., बी.ए. झालेल्या मुलींनाही वाट आहे. बारावीला किंवा पदवीला गणित होतं का, ते माहितीपत्रकात ताडून बघायचं. शेवटच्या वर्षाला असतानाच परीक्षेचा फॉर्म भरता येतो, निकालाची वाट बघायची नाही. परीक्षेत गणित-सांख्यिकी, तर्क, इंग्रजी आणि कॉम्प्युटर असतं. निकालानंतर कॅपचा वेगळा फॉर्म भरायचा, आणि कॉलेजांची पसंती क्रमाने लिहायची. इथे एक खाच आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून जिथं पोर खरोखर जाऊ शकते, तेच नाव वर लिहा. शेजारणीच्या पोराने माटुंग्याचं व्हीजेटीआय लिहिलं म्हणून आपणही लिहायचं, असं नको. लिहायचं तर मार्क बघून आणि लोकलचा वेळ बघून लिहा.

एम.एस्सी. आयटी हा दुसरा रस्ता. तोही दोन वर्षांचा, पूर्णवेळ, मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत असतो. तिथं बहुतेक ठिकाणी पदवीच्या मार्कांवर कॉलेजची गुणवत्ता यादी लागते. पण एमसीएला जी माफी मिळते तीच इथे मिळेल असं धरून चालू नका. पैसे भरण्याआधी महाडीबीटीच्या वेबसाइटवर त्या कॉलेजचं आणि त्या कोर्सचं नाव आहे का, ते उघडून बघा. कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर विचारा, आणि तोंडी उत्तरावर भागवू नका.

आता कागद. भातसा आपल्या तालुक्यात, तानसाही आपल्या तालुक्यात. पाणी पाइपातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर लागतो. का? धरण भरलेलं असून आपल्यापर्यंत जोडणी नाही. सरकारी योजनांचंही तसंच आहे. पैसा मंजूर असतो. आपल्या घरापर्यंत जोडणी म्हणजे हे कागद:

जातीचा दाखला आणि जात वैधता. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. अधिवास प्रमाणपत्र. ओबीसी असाल तर नॉन क्रिमीलेअर, आणि त्याच्यावरची ३१ मार्चची मुदत नीट वाचा. दहावी, बारावी, पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका, नापास झालेल्या सत्राचीसुद्धा. शाळा सोडल्याचा दाखला. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आणि पोरीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं, आधारला जोडलेलं. वडिलांचं चालत नाही, आईचं चालत नाही. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं हवं. एका ठिकाणी आडनावाची वेलांटी वेगळी असली, तरी पोर महिनाभर खेटे घालते.

वैधतेचा अर्ज पदवीनंतर करू नका. पोर अकरावी-बारावीला सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत करा. पुराव्याची वर्षं लक्षात ठेवा: अनुसूचित जाती आणि जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १९६७ पूर्वीचा. आजोबा शाळेत गेले नसतील तर चुलत आजोबा, आत्या शोधा. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्या तहसीलमधून मिळतात. घरातल्या कुणा चुलत भावाची वैधता आधी निघाली असेल तर तीही कामाला येते. म्हणून भाऊबंदकी बाजूला ठेवून ती झेरॉक्स मागा.

ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी समाजाच्या माझ्या बहिणींना वेगळं सांगते. तुमच्या जमातीच्या वैधतेची समिती ठाण्याला आहे. पण शिष्यवृत्ती, वसतिगृह याची चौकशी करायला लांब जायला नको. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आपल्या शहापुरातच आहे. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात नंबर लागला तर उत्तम. नाही लागला तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेत राहण्या-जेवणाचे पैसे पोरीच्या खात्यात येतात. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी अशीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना समाजकल्याणकडे आहे. आपल्या हक्काचं आहे, मागायला लाजायचं नाही.

मागण्यावरून आठवलं. आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्या. जन्म १८६५ चा. १८८३ साली त्या अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला गेल्या. तेव्हा त्यांनी कॉलेजला स्वतः पत्र लिहिलं, आपली अडचण सांगितली, आणि कॉलेजने शिष्यवृत्ती दिली. राहायला एका अमेरिकन बाईंनी आपलं घर दिलं. १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. एवढ्या मोठ्या बाईला अर्ज करायला कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

आता पैशाचं बोलू. फी माफ म्हणजे सगळं फुकट, असं कुणी समजू नका. माफी शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला आहे. विकास शुल्क आणि बाकीचं आपल्याला भरावं लागतं. माझ्या वहीतला पहिल्या वर्षाचा हिशेब वाचते. विकास शुल्क आणि इतर फी साडेचौदा हजार. लॅपटॉप छत्तीस हजार. लोकलचा पास आणि प्रवास पाच हजार. पुस्तकं, प्रिंट, इंटरनेट साडेचार हजार. एकूण साठ हजार.

आमचं घर आसनगाव स्टेशनला चालत जाण्यासारखं आहे म्हणून प्रवास पाच हजारांत बसला. कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म घेऊन विद्यार्थी पास काढला. मुरबाडच्या बायांना हे जमणार नाही, कारण तिकडे रेल्वे नाही. टोकावडे, धसईवरून पोरीला आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं, मग लोकल. एसटीला महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी वेळ अर्धा होत नाही. रोजचे पाच-सहा तास रस्त्यात गेले तर अभ्यास कधी करणार? त्यांनी खोलीचा किंवा वसतिगृहाचा खर्च आधीच धरावा.

साठ हजारांतले वीस आमच्याकडे होते. चाळीस गटाने दिले. महिना एक टक्का व्याज, वीस हप्ते, दर महिन्याला दोन हजार मुद्दल आणि वर व्याज. पहिल्या महिन्यात व्याज चारशे, शेवटच्या महिन्यात वीस. वीस महिन्यांचं सगळं व्याज चार हजार दोनशे. आणि तेच व्याज माझ्याच गटाच्या तिजोरीत गेलं. तेवढेच चाळीस हजार सावकाराकडून पाच टक्क्यांनी घेतले असते, तर दर महिन्याला नुसतं व्याज दोन हजार. वीस महिन्यांत चाळीस हजार व्याजापोटी गेले असते आणि मुद्दल तसंच उभं. आपण दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाकतो, ते कशासाठी, हे मला त्या दिवशी वहीत दिसलं.

आणखी एक खर्च आहे, जो कुठल्याच पावतीवर नसतो. पोर गोदामात अकरा हजार कमवत होती. पूर्णवेळ शिक्षण म्हणजे दोन वर्षं ते बंद. चोवीस महिन्यांचे दोन लाख चौसष्ट हजार. घरातली माणसं कुरकुर करतात ती यासाठी, आणि त्यांची कुरकुर खोटी नाही. आमच्या घरात आम्ही हा आकडा मोठ्याने बोललो. बोललो म्हणून भांडण मिटलं. पोराला बाईक घ्यायची होती, ती पुढे ढकलली. तुम्हीही आकडा लपवू नका. लपवलेला आकडा दुसऱ्या वर्षी बाहेर येतो आणि तेव्हा शिक्षण सुटतं.

ज्यांची फी माफीत बसत नाही, त्यांना बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे. बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार होतात. परतफेड शिक्षण संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. शिकत असतानाच नुसतं व्याज भरत गेलात तर पुढचं ओझं हलकं होतं. पीएम विद्यालक्ष्मी म्हणून केंद्राची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, ती निवडक संस्थांनाच आहे, तेव्हा आपलं कॉलेज यादीत आहे का बघा. आणि मैत्रिणींनो, बँक सहकर्जदाराचा सिबिल बघते. आपण दाराशी येणाऱ्या फायनान्सवाल्याचं कर्ज घेतो, हप्ता चुकवतो आणि विसरतो. बँक विसरत नाही. तुमचा थकलेला हप्ता पोरीच्या अर्जाला आडवा येतो.

तारखांचं शेवटचं. कॉलेजला प्रवेश झाला की शिष्यवृत्ती आपोआप मिळत नाही. महाडीबीटीवर अर्ज वेगळा भरायचा, तोही मुदतीत. आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरायचा. इथे किती तरी मुली राहून जातात. त्यांना वाटतं, गेल्या वर्षी भरला होता की. पात्र मुलीकडून माफीतली फी आधी मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. कुणी मागितली तर नम्रपणे लेखी मागा, आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

खरं तेच सांगते. एमसीए झालं म्हणजे नोकरी खिशात, असं नाही. कॉम्प्युटरच्या धंद्यातही भरती कमी-जास्त होते. म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नका. गेल्या वर्षी किती मुलांना काम लागलं, शेवटच्या सत्रात इंटर्नशिप कुठे मिळते, ते शिकून बाहेर पडलेल्या मुलींना विचारा. पण एवढं मी आईच्या डोळ्यांनी बघितलं आहे: गोदामात ती दुसऱ्याने बनवलेल्या प्रोग्राममध्ये आकडे भरत होती. आता तसा प्रोग्राम ती स्वतः लिहिते. परवा तिने आमच्या ग्रामसंघाच्या कर्जहप्त्यांचं कोष्टक बनवून दिलं. त्यात माझी एक बेरीज चुकलेली निघाली. मला राग आला, आणि मग हसू आलं.

आता माझं मागणं. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा. आपल्या गटात कुणाची लेक, सून, भाची बारावीला आहे आणि कुणाची पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ते वहीत लिहा. सुनेचं नावही लिहा. लग्न झालं म्हणून सीईटी बंद होत नाही. बारावीच्या मुलीच्या नावापुढे वैधता आहे की नाही, एवढाच प्रश्न. शेवटच्या वर्षाच्या मुलीपुढे सीईटीचा फॉर्म भरला का. ग्रामसंघाने शिक्षणासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी, असा ठराव आम्ही केला आहे. दाखले, फॉर्म आणि पहिला हप्ता, एवढ्यासाठी ती रक्कम लगेच मिळते, बैठकीची वाट न बघता. तुम्हीही करा.

माझ्या पोरीला मी एक वर्ष दिलं, असं मी मघाशी म्हणाले. ते वर्ष तिचं होतं. मी वेळेवर विचारलं असतं तर ते तिला मागावं लागलं नसतं. घरी गेल्यावर कपाट उघडा, तो लॅमिनेशन केलेला दाखला काढा, आणि त्याच्या शेजारी दुसरा कागद आहे का, ते बघा.

नसेल, तर सोमवारी तहसील उघडतं.

जय सावित्री!